कासवाची परीक्षा

मास्तरांचा आवाज गेला तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने त्यांना काढून टाकलं नाही. "ऑफिसात बसा, अर्ज भरून घ्या लोकांचे," असं तो म्हणाला. जाणं मास्तरांनीच सोडलं. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून "क्लच, अहो क्लच म्हणतोय मी, हॉर्न नव्हे" असं ओरडत आलेल्या माणसाला टेबलामागे गप्प बसणं जमणारं नव्हतं.

घशातली गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागलं होतं. श्वास आता मानेच्या खाली पाडलेल्या भोकातून चालायचा. त्यावर मास्तर एक सुती रुमाल बांधत. बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. तिने उरलेल्या तुकड्यांतून असे ढीगभर रुमाल शिवून ठेवले होते, शर्टाच्या रंगाला जुळणारे.

बोलण्यासाठी हॉस्पिटलने एक यंत्र दिलं होतं, दाढीच्या मशीनएवढं. ते मानेला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की शब्द बाहेर पडत. पण कसे, तर डब्यात अडकलेल्या माशीने बोलावं तसे, सगळे एकाच सुरात. पहिल्यांदा त्यातून त्यांनी बायकोला हाक मारली तेव्हा ती स्वयंपाकघरातून "कोण आलंय हो?" असं विचारत बाहेर आली. तिने लगेच सावरून घेतलं, हसण्यावारी नेलं. मास्तरांनी मात्र यंत्र कपाटात ठेवून दिलं आणि एका पांढऱ्या फळ्यावर लिहून बोलू लागले. भांडणसुद्धा लिहूनच. त्यात लिहिणाऱ्याची फार पंचाईत होते. वाक्य पुरं होईपर्यंत समोरचं माणूस दुसऱ्या खोलीत गेलेलं असतं.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. ती सुट्टीला आली तेव्हा बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसलेले तिने पाहिले. पुढच्या खेपेला ती हातात धरून खेळायचा एक गेम घेऊन आली. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि बोटाने फिरवायच्या दोन छोट्या काठ्या.

"बाबा, यात ट्रक चालवता येतात. जगभर माल पोचवायचा. दुसरी खरी माणसंही असतात रस्त्यावर, त्यांच्या त्यांच्या घरून खेळणारी."

मास्तरांनी थोडा वेळ ट्रक चालवला आणि फळ्यावर लिहिलं, "या गाडीला क्लच नाही."

मुलीने कुठल्या तरी यादीत शिरून क्लच शोधून दिला. मग खातं उघडलं, नाव ठेवलं 'मास्तर', आपलंच कार्ड त्याला जोडलं, त्यांचा मोबाईल नंबर घातला आणि ती परत गेली.

पहिले काही दिवस मास्तर एकटेच फिरले. एका दुपारी बंदराच्या फाटकात गाड्यांची ही मोठी रांग लागलेली. एका ट्रकवाल्याचा ट्रेलर फाटकात आडवा अडकला होता. मागचे हॉर्न वाजवत होते, पडद्याच्या कोपऱ्यात शिव्या उमटत होत्या. अडकलेल्या ट्रकवर नाव होतं 'कासव'. तो पुढे जाई, मागे येई आणि आणखी आडवा होई.

मास्तरांनी ट्रक बाजूला लावला. पडद्यावरच्या अक्षरांवर एकेक करून बोट टेकवत लिहिलं, "थांब. घाई नको. आधी पुढे घेऊन सरळ कर."

कासवाने पुढे घेतला.

"आता मागे. ट्रेलर उजवीकडे हवा तर काठी डावीकडे. थोडीशीच."

बऱ्याच खटपटीनंतर ट्रेलर फाटकातून आत गेला. मागचे सगळे शिव्या देत निघून गेले. कासव आत थांबला होता.

"नावाप्रमाणे तुम्ही खरोखरचे मास्तर आहात की काय?" त्याने विचारलं.

"आहे," मास्तरांनी लिहिलं. 'होतो' असं लिहायला हवं होतं, हे त्यांना नंतर सुचलं.

तेव्हापासून रोज दुपारी, बायको दुकानात गेली की दोघे बरोबर निघत. पुढे मास्तर, मागे कासव. कासव सकाळच्या पाळीला एका गोदामात खोकी बांधायचं काम करायचा. वय चाळिशीच्या पुढे. त्याला गाडी चालवता येत नव्हती. लहानपणी वडिलांच्या गाडीत मागे बसलेला असताना गाडी उलटली होती. वडील गेले, त्याला खरचटलंही नाही. तेव्हापासून कुठल्याही गाडीत तो पुढच्या सीटवर बसला नव्हता. "गेममध्ये चालतं," त्याने लिहिलं, "उलटली तरी कोणी मरत नाही."

मास्तरांनीही बायकोबद्दल सांगितलं, मुलीबद्दल सांगितलं. आवाजाबद्दल नाही. एकदा कासवाने विचारलं, "माइक लावून बोलू या का? लिहिण्यात तुमचा वेळ जातो."

"माझा माइक बिघडलाय."

"बरं झालं. मलाही फोनवर बोलायला जमत नाही."

मास्तर त्या दिवशी संध्याकाळी इतके खुशीत होते की बायकोने विचारलं, "काय, लॉटरी लागली?" त्यांनी फळ्यावर लिहिलं, "विद्यार्थी मिळाला." तिने ते वाचलं आणि भांडी आवरायला घेतली. दुकानात मात्र तिने शेजारच्या मशीनवरच्या बाईला सांगितलं, "आमच्या घरी आता क्लास सुरू झालाय."

मग एक दिवस कासव म्हणाला की त्याने खऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय. पुढच्या सीटवर बसला, स्टीअरिंग घट्ट आवळून धरलं, पण बसला. आता रोज दुपारी तो तिथलं सगळं सांगायचा आणि मास्तर त्यातलं चुकलेलं दुरुस्त करायचे. चढावर गाडी मागे जाते म्हटल्यावर त्यांनी लिहिलं, "हँडब्रेक ओढून ठेव. क्लच हळू सोड. गाडीचं नाक उचललेलं तुला सीटमध्ये जाणवेल. जाणवलं की मगच हँडब्रेक सोड. डोळ्यांनी शोधू नको."

"आमचे सर खूप ओरडतात," कासवाने लिहिलं. "तुम्ही कधी ओरडत नाही."

मास्तर या ओळीकडे बघत राहिले. त्यांचा ट्रक रस्ता सोडून शेतात गेला.

परीक्षा पुढच्या मंगळवारी ठरली. "संध्याकाळी लगेच सांगतो," कासव म्हणाला. "नापास झालो तरी सांगतो."

शुक्रवारी दुपारी मास्तरांनी गेम सुरू केला तर कासवाचा निरोप येऊन पडला होता. "भाई अर्जंट. माझं अकाउंट लॉक होतंय. मित्राकडून खात्री करून मागतायत. तुझ्या मोबाईलवर नंबर येईल तो लगेच पाठव नाहीतर सगळं जाईल."

मोबाईल लगेच वाजला. सहा आकडी नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, हा नंबर कोणालाही सांगू नका. मास्तरांनी ते वाचलं. कोणालाही म्हणजे परक्याला, असं त्यांच्या मनात आलं. कासवाने त्यांना कधी भाई म्हटलं नव्हतं, तू तर नाहीच नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. पण परीक्षा तोंडावर आलेली, त्यात हे लचांड, बिचारा घाबरला असणार. त्यांनी नंबर पाठवला आणि पुढे लिहिलं, "काळजी करू नको."

थोड्या वेळाने पडदा काळा झाला. त्यावर ओळ आली की तुम्हाला या खात्यातून बाहेर काढण्यात आलं आहे. मास्तरांनी पासवर्ड घातला. चूक. पुन्हा घातला. चूक. त्यांनी गेम बंद केला, चालू केला, बॅटरी गरम झाली आहे का ते हाताने पाहिलं, जसं गाडी बंद पडल्यावर बॉनेट उघडून बघतात तसं.

बायको घरी आली तेव्हा फळ्यावर सगळं लिहून तयार होतं. तिने उभ्या उभ्या वाचलं, पिशवी खाली ठेवली आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, तो नंबर म्हणजे घराची किल्ली होती," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती एका हाताने तेव्हाच कार्ड बंद करत होती. "खात्यात शिरायचं तर पासवर्ड लागतो आणि वर तो नंबर. पासवर्ड त्याने कुठून तरी मिळवला असेल. नंबर तुम्ही दिला."

मास्तरांनी फळा कॅमेऱ्यासमोर धरला. "कासवाने मागितला म्हणून दिला."

"मग कासवानेच चोरलं."

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"अहो, कोण कुठला माणूस," बायको म्हणाली. "तोंड पाहिलं नाही, नाव ठाऊक नाही. बापाची गोष्ट सांगितली, तुमचं काळीज विरघळलं. असेच असतात ते, आधी माया लावतात. नावाला कासव, पण पळाला बघा कसा."

मास्तरांनी फळा पुसला.

मुलीने कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं की खातेदाराने स्वतः सोबतच्या नंबरवर फोन करून आपली ओळख पटवावी. सोमवारी सकाळी मास्तरांनी कपाटातून ते यंत्र काढलं. सेल बदलले. आरशासमोर उभं राहून आपलं नाव, जन्मतारीख आणि पत्ता म्हणून पाहिला. बायको खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. "कळतंय," ती म्हणाली. "जन्मतारीख जरा सावकाश म्हणा."

बराच वेळ संगीत वाजल्यावर एका मुलीने फोन घेतला. "सर, सुरक्षेसाठी आपलं पूर्ण नाव सांगाल का?"

मास्तरांनी यंत्र मानेला टेकवलं आणि नाव सांगितलं.

"हॅलो? सर, आपला आवाज मशीनसारखा येतोय."

त्यांनी पुन्हा सांगितलं, जन्मतारखेसकट. मधेच बटणावरचं बोट घसरलं आणि वर्ष अर्धंच राहिलं.

"माफ करा सर, बनवलेल्या आवाजावर आम्ही ओळख पटवू शकत नाही. हल्ली फसवणूक करणारे लोक असे आवाज वापरतात. आपण स्वतःच्या आवाजात बोलाल का?"

बायकोने फोन ओढून घेतला. "अहो बाई, हाच त्यांचा आवाज आहे. ऑपरेशन झालंय त्यांचं."

"मॅडम, आपण खातेदार आहात का?"

"मी बायको आहे त्यांची."

"मग मला खातेदाराशीच बोलावं लागेल."

"त्यांच्याशीच तर बोलत होता तुम्ही इतका वेळ."

पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मला समजतंय. पण माझ्या हातात नाही हो. मी तशी नोंद करून ठेवते." आणि फोन बंद झाला.

मास्तरांनी यंत्र रुमालाने पुसलं, परत कपाटात ठेवलं आणि कपाटाला कडी लावली.

मंगळवारी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. बायकोने विचारलं कुठे, तर त्यांनी हवेतच स्टीअरिंग फिरवून दाखवलं. ती बघत राहिली. "त्या चोराची परीक्षा बघायला निघालात? तो या गावात आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं नव्हतं. कासव कुठे राहतो हे मास्तरांना माहीत नव्हतं, आणि परीक्षेची मैदानं गावोगाव असतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी ते गेले. मैदानाच्या कुंपणाबाहेरच्या बाकावर बसले. आत पांढऱ्या पट्ट्यांची वळणं, मागे घ्यायच्या खांबांची रांग, शेवटी सिमेंटचा चढ. सगळं तसंच होतं. परीक्षा घेणाऱ्या निरीक्षकाने त्यांना ओळखलं आणि लांबून हात केला. मास्तरांनीही केला. तो जवळ येऊन काही विचारेल या भीतीने त्यांनी मोबाईल काढून त्यात बघायला सुरुवात केली.

एकामागून एक माणसं येत होती. कॉलेजातली पोरं, एक गरोदर बाई, नव्या बुटांतला एक म्हातारा. चाळिशीतला कोणी पुरुष आला की मास्तर त्याच्या हातांकडे बघत. एकजण तसा होता. हात स्टीअरिंगवर घट्ट, खांदे कानांपर्यंत चढलेले. चढावर त्याची गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद, आणि गाडी मागे घसरू लागली. मास्तर कुंपणाला चिकटून उभे राहिले. क्लच जरा आणखी, नाक उचलू दे, आत्ता सोड. सगळं त्यांच्या तोंडात तयार होतं. ओठ हलत होते. रुमालाखालून नुसता श्वास सूं सूं करत बाहेर पडत होता. गाडी खालच्या खांबाला टेकली. निरीक्षकाने हात वर केला. नापास.

तो माणूस बाहेर आला तेव्हा मास्तर त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. मोबाईलवर लिहून त्याच्यापुढे धरलं, "तुम्ही कासव का?" त्या माणसाने वाचलं. त्याचा चेहरा तांबडा झाला. "थट्टा करताय?" तो म्हणाला. "या वयात लाज वाटू द्या जरा." मास्तर हाताने नाही नाही करत राहिले, पण तो तोपर्यंत बसच्या दिशेने निघून गेला होता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिने ताट वाढलं, त्यांनी ते संपवलं.

मुलगी मात्र तक्रारीचा पिच्छा सोडणारी नव्हती. तिने डॉक्टरांचं पत्र जोडलं, खरेदीची पावती जोडली, कंपनीच्या वरच्या लोकांपर्यंत गेली. शेवटी त्यांनी एक फोटो मागितला. खातेदाराने गेम हातात धरावा, चेहरा आणि मान स्पष्ट दिसावी. मास्तरांनी रुमाल न काढता एक फोटो काढून घेतला. तो परत आला. मग बायकोने खिडकीपाशी उजेडात त्यांना बसवलं, रुमालाची गाठ स्वतः सोडली आणि फोटो काढला. ऑपरेशननंतर ते भोक डॉक्टरांखेरीज तिनेच पाहिलं होतं. आता ते कुठल्या तरी ऑफिसात कोणाच्या तरी टेबलावर उघडं पडणार होतं. फोटो पाठवून झाल्यावर ती म्हणाली, "गाठ बांधू का?" त्यांनी स्वतःच बांधली.

खातं परत मिळालं तेव्हा बरेच आठवडे उलटून गेले होते. चोराने ट्रक विकून टाकले होते, नाव बदललं होतं, ओळखीच्या सगळ्यांना यादीतून काढलं होतं. निरोप पुसायचे मात्र राहिले होते. रविवार होता. बायको शेजारी बसून एका पँटची चेन उसवत होती. मास्तरांनी निरोप उघडले.

त्यांच्या खात्यावरून चोराने बऱ्याच लोकांना तीच वाक्यं पाठवली होती. भाई अर्जंट. माझं अकाउंट लॉक होतंय. कोणी शिव्या दिल्या होत्या, कोणी नंबर दिला होता. त्यांत एक नाव होतं कासव.

शनिवारी, म्हणजे मास्तरांचं खातं गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, कासवाने लिहिलं होतं, "मास्तर, माझं खातं दोन दिवस चोराकडे होतं. आता परत मिळालंय, पण जुने निरोप पुसलेले आहेत. माझ्या नावाने काही आलं असेल तर उत्तर देऊ नका. तुम्ही ठीक आहात ना?"

उत्तर नव्हतं. चोराने तेव्हा पाहिलं नसावं.

मग मंगळवारी संध्याकाळी. "मास्तर, पास झालो. चढावर गाडीचं नाक उचललेलं सीटमध्ये जाणवलं. तुम्ही म्हणाला होता तसंच. उतरल्यावर मी रडलो, सर म्हणाले काय झालं, मी म्हटलं काही नाही."

त्याच्याखाली मास्तरांच्या नावाने उत्तर होतं. "भाई अर्जंट. माझं अकाउंट लॉक होतंय. तुझ्या मोबाईलवर नंबर येईल तो पाठव."

"मास्तर, हे तुम्हीच आहात ना?"

"हो मीच. लवकर पाठव."

मग बराच वेळ काही नव्हतं. त्यानंतर कासवाचा शेवटचा निरोप होता, लांब. एकेका अक्षरावर बोट टेकवून लिहायला त्याला किती वेळ लागला असेल ते मास्तरांना ठाऊक होतं.

"माझं झालं तसंच तुमचंही झालं असेल अशी शंका येतेय. तसं असेल तर हे वाचणारा तुम्ही नाहीच. पण तुम्ही खरोखर अडचणीत असाल, तीही माझ्यामुळे, आणि मी हात आखडता घेतला, तर ते मला सहन होणार नाही. खात्याचं काय, जाऊ दे. नंबर पाठवतोय. जमलं तर फक्त एकदा मास्तर म्हणून काहीतरी लिहा."

खाली सहा आकडे होते. त्याखाली काहीही नव्हतं.

मास्तरांनी कासवाचं नाव दाबलं. पडद्यावर आलं, असा खातेदार अस्तित्वात नाही.

बायकोने हातातली पँट बाजूला ठेवली. "काय झालं?" मास्तरांनी गेम तिच्या हातात दिला. तिला वाचायला चष्मा लागायचा. तो शोधून, लावून तिने वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वर नेऊन वाचलं.

"पास झाला तो," ती म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली.

"आणि मी त्याला चोर म्हणत होते."

त्यांनी फळा घेतला. त्यावर लिहिलं, "त्याला वाटत असेल की मी वाचलं आणि उत्तर दिलं नाही."

"असं कसं वाटेल? शंका आलीच होती त्याला. शहाणा आहे."

"शंका आली तरी पाठवला," मास्तरांनी लिहिलं.

मुलीने कंपनीला विचारलं. उत्तर आलं की दुसऱ्या खातेदाराची माहिती आम्ही देऊ शकत नाही, हे त्याच्याच सुरक्षिततेसाठी आहे. मग गेम खेळणारे लोक जिथे गप्पा मारतात तिथे तिने बाबांच्या वतीने लिहिलं, की कासव नावाच्या खेळाडूला मास्तर शोधतायत. दोन दिवसांत उत्तरं आली. "मीच कासव," एकाने लिहिलं होतं, "माझं खातं परत मिळवायला तुमच्या मोबाईलवर आलेला नंबर पाठवा." दुसऱ्याने लिहिलं होतं, "मास्तर मी कासव, ही लिंक उघडा." मुलीने एकेकाला तपासून पाहिलं आणि शेवटी सगळंच पुसून टाकलं. आईला तिने फोनवर सांगितलं, "बाबांना दाखवू नकोस." पण मास्तरांनी ते आधीच वाचलं होतं. पहिल्या उत्तराला तर त्यांनी विचारलंही होतं, चढावर आधी काय सोडायचं? त्याचं उत्तर आलं, "आधी नंबर पाठव."

काही दिवस ते दुपारी बंदराच्या फाटकाशी ट्रक उभा करून ठेवत. चालवत नसत. मग तेही बंद झालं. गेमची बॅटरी संपली, ती कोणी चार्ज केली नाही. बायको दुकानातून येताना एकदा म्हणाली, "मला शिकवा की ते. मी चालवेन मागे मागे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हात जोडले आणि आत गेले. फळ्यावरही आता फारसं काही नसायचं. औषध संपलं. पाणी आलं नाही. मुलीचा फोन आला की ते खिडकीशी उभे राहत आणि बायको दोन्हीकडचं बोलून घेई.

संध्याकाळी एका बाजूला दिवाणावर मास्तर, दुसऱ्या बाजूला घरच्या शिलाई मशीनवर ती, आणि मध्ये नुसता सुईचा आवाज. आधीची भांडणं तिला आठवत. अर्धं वाक्य लिहून झालेलं असताना आपण मुद्दाम उठून जायचो, तेही आठवे.

सहा महिन्यांची तपासणी होती तेव्हा ती त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला गेली. डॉक्टरांनी मान तपासली, गाठ पुन्हा आलेली नाही म्हणाले. मग बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. तरुण होत्या, हसऱ्या. समोर अर्ज होता.

"काका, यंत्र वापरताय ना? घरात बोलताय ना त्यावरून?"

मास्तर समोरच्या भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडे बघत होते.

"बोलतात की," बायको म्हणाली. "दिवसभर चालू असतं त्यांचं. मीच म्हणते, जरा गप्प बसा."

"छान," त्या बाई म्हणाल्या आणि अर्जावर खूण केली. "सुरुवातीला लोक लाजतात. तुमचे काका जिद्दीचे आहेत. मग पुढची वेळ वर्षाने घेऊ."

बाहेरच्या लांब वऱ्हांड्यात लोक नंबर लागायची वाट बघत बसले होते. ती दोघं त्यांच्यामधून चालत जिन्यापर्यंत आली. जिन्याशी ती थांबली.

"खोटं बोलले मी आत," ती म्हणाली. "तुम्ही मान तरी हलवायची होती. नाही म्हणायचं होतं. मला वाटलं, चिडून तरी तुम्ही नाही म्हणाल."

मास्तरांनी तिच्या हातातली औषधांची पिशवी घेतली आणि ते पायऱ्या उतरू लागले. ती वरच्या पायरीवर जराशी उभी राहिली, मग कठडा धरून त्यांच्या मागोमाग खाली गेली.